पाच पर्यायांचा वायपर : कार्ल्सरूहच्या एका खटल्याचा अभ्यास

जर्मनीत २०१९ साली भर पावसात एक टेस्ला रस्ता सोडून खाली उतरली आणि झाडांवर आदळली. चालवणाऱ्याच्या हातात मोबाइल नव्हता. पाऊस जोराचा होता म्हणून तो वायपरचा वेग बदलत होता. त्याबद्दल त्याला २०० युरो दंड झाला आणि एक महिना गाडी चालवायला बंदी आली. तो अपिलात गेला. कार्ल्सरूहच्या वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाने २७ मार्च २०२० रोजी ते अपील फेटाळलं.

मी कोल्हापुरात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. हा निकाल वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाही, कारण त्या माणसाला ज्या कामाची शिक्षा झाली, ते काम मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच पावसात सांगत आलोय. पाऊस वाढला की वायपर वाढवा. मग चूक कुणाची, हे मला स्वतःला नीट लावून घ्यायचं होतं. त्यासाठी हे लिहितोय.

गाडीत काय होतं

वर्णन जुळतं ते टेस्लाच्या मॉडेल ३ शी. या गाडीच्या डॅशबोर्डवर बटणं जवळजवळ नाहीतच. मधोमध पंधरा इंची स्क्रीन आणि बाकी सगळं त्या स्क्रीनच्या पोटात. स्टेअरिंगमागे दांडी आहे, तिच्या टोकाचं बटण दाबलं की वायपर एक फेरी मारतो. पण सलग किती वेगाने फिरायचं, किती थांबून फिरायचं, हे तेव्हा स्क्रीनवरून ठरवावं लागे. निकालात त्याची पद्धत दिली आहे : आधी स्क्रीनवरच्या एका चिन्हाला स्पर्श करायचा, मग एक आतला मेन्यू उघडतो आणि त्यातल्या पाच पर्यायांतून एक निवडायचा. नेहमीच्या वायपरपेक्षा यात चालकाला बरंच जास्त लक्ष घालावं लागतं, असं न्यायालयानेच नोंदवलं आहे.

ऑटोची सोयही होती. टेस्ला त्यासाठी काचेवर वेगळा रेन सेन्सर लावत नाही, कॅमेऱ्याला दिसणाऱ्या चित्रावरून पाऊस ओळखते. ते जमलं तर उत्तम. नाही जमलं तर चालकाला स्क्रीनकडे वळावंच लागतं, आणि नाही जमत ते नेमकं पाऊस अचानक बदलतो तेव्हा.

वायपरचा जन्मच दांडीसोबत झाला आहे. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांना १९०३ साली त्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या रचनेत गाडीच्या आतून हाताने दांडी हलवायची आणि बाहेर काच पुसली जायची. पुढे साठच्या दशकात रॉबर्ट कर्न्स यांनी थांबून थांबून फिरणारा वायपर तयार केला, तो पापणीच्या उघडझापीवरून. पापणी लवते तेव्हा आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. रिमझिम पावसातही चालकाला वायपरकडे लक्ष द्यावं लागू नये, एवढ्यासाठी ती सगळी खटपट होती. आणि या खटल्यातला अपघात झाला तो नेमकी तीच गोष्ट, थांबून फिरण्याचा वेग, बदलताना.

कायदा आणि दोन्ही बाजू

जर्मनीच्या वाहतूक नियमावलीत कलम २३ चं एक पोटकलम आहे, १अ. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते नव्याने लिहिलं गेलं. त्याआधी भर मोबाइल हातात धरण्यावर होता, नव्या कलमाने जाळं मोठं केलं. चालकाला इलेक्ट्रॉनिक उपकरण वापरता येतं, पण ते हातात न धरता, आणि एकतर फक्त आवाजाच्या आज्ञेवर किंवा रस्ता, रहदारी, दृश्यमानता आणि हवामान पाहून शोभेल इतक्याच ओझरत्या नजरेने. अशी उपकरणं कोणती, याची यादी कलमातच आहे. मोबाइल, नेव्हिगेशन, टीव्ही, टॅब्लेट, आणि त्यातच एक शब्द : टचस्क्रीन.

ही यादी वाचताना माझ्या मनात आलं की लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे करमणुकीच्या आणि रस्ता दाखवणाऱ्या वस्तू असणार. मॉडेल ३ युरोपात पोचायला लागली ती २०१९ च्या सुरुवातीला. वायपर कधी या यादीत येऊन बसेल, याचा विचार २०१७ मध्ये फार जणांनी केला नसावा.

चालकाचं म्हणणं साधं होतं. ही स्क्रीन म्हणजे गाडीचाच भाग, ती मी बाहेरून आणलेली नाही. वायपर हे सुरक्षेचं साधन आहे. त्याचा वेग बदलणं म्हणजे उपकरणाशी खेळणं नव्हे, गाडी चालवणंच आहे.

न्यायालय म्हणालं, स्क्रीन गाडीत पक्की बसवलेली असली तरी ती कलमातलं इलेक्ट्रॉनिक उपकरणच आहे, आणि कोणत्या हेतूने हात लावला याने फरक पडत नाही. गाडी चालवायला आवश्यक असलेली गोष्टसुद्धा स्क्रीनवरून बदलायची असेल तर ओझरत्या नजरेची अट लागू होतेच. इथे नजर तेवढ्यात परतली नाही आणि गाडी झाडांवर गेली. मालमत्तेचं नुकसान झालं की या गुन्ह्याला २०० युरो आणि महिन्याची बंदी, असा जर्मनीचा ठरलेला दर आहे. तोच लागला.

निकाल मला कायद्याच्या अंगाने पटतो, हे स्पष्ट सांगतो. समोरचं दिसत नसेल तर आधी वेग कमी करायचा, गरज पडली तर बाजूला घ्यायची. माझा विद्यार्थी असता तर मीही त्याला हेच सुनावलं असतं. हेतू बघून सूट द्यायची म्हटली तर प्रत्येक जण म्हणेल की मी काहीतरी आवश्यकच करत होतो.

पण न्यायालयापुढे फक्त एका माणसाचा दंड होता. वायपरचा वेग आतल्या मेन्यूत कुणी आणि का ठेवला, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हताच, त्यामुळे त्याचं उत्तरही निकालात नाही. युरोपात विकायची सगळी परवानगी त्या गाडीकडे होती. म्हणजे ज्या रचनेला सरकारी मान्यता आहे, ती रचना पावसात वापरली म्हणून वापरणाऱ्याला दंड. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कायदेशीर आहेत. मला खरा त्रास होतो तो इथे.

हात आणि डोळा

माझ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करत नाही. सीट पुढे-मागे करून घ्यायची, आरसे लावायचे, पट्टा लावायचा आणि डोळे मिटायचे. मग मी शेजारून सांगत जातो. हॉर्न वाजवा. डावा इंडिकेटर. वायपर एकवर. आता दोनवर. पाणी मारा. पार्किंग लाइट लावा.

गेल्या वर्षी एक वहिनी शिकायला यायच्या, पन्नाशीच्या आसपासच्या. पहिल्या दिवशी वैतागून म्हणाल्या, "सर, बघायचं नाही म्हणता, मग सापडणार कसं?" मी त्यांना दांडीवर बोटं ठेवायला सांगितली. वर ढकललं की खटका लागतो, तो मोजायचा. एक खटका, दोन खटके. टोकाची कडी फिरवली की बोटाला खाचा लागतात. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याशी बोलता बोलता वायपर वाढवत होत्या आणि आपण तो वाढवला हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रंकाळ्याच्या रस्त्याला नेलं.

गाडी बदलली तरी हाताची ही शिकवणी कामी येते. मारुतीत वायपर डाव्या हाताला असतो, काही युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत उजव्या. नव्या गाडीत दोन दिवस माणूस वळताना वायपर लावतो, तिसऱ्या दिवशी हात शहाणा होतो. काचेवर बोट ठेवलं तर हाताला शिकायला काहीच मिळत नाही. खाच नाही, कड नाही, खटका नाही. बोट बरोबर जागी आहे का हे डोळ्यानेच बघायचं, दाबलं गेलं का हेही डोळ्यानेच. त्यात गाडी खड्ड्यातून गेली की बोट अर्धा इंच सरकतं. बटणावर बोट टेकवून आधार घेता येतो. स्क्रीनवर टेकवलं की तीच आज्ञा ठरते.

ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद खाली पाहिलं तर ४४ मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या चार एसटी गाड्यांची लांबी डोळे मिटून पार केल्यासारखं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत एका वेळची नजर दोन सेकंदांच्या आत आणि अख्खं काम बारा सेकंदांच्या नजरेत उरकावं, अशी मर्यादा आहे. त्या सूचना ऐच्छिक आहेत. पाळल्या नाहीत म्हणून कुणाची गाडी अडत नाही.

स्वीडनच्या एका वाहनविषयक मासिकाने, वी बीलेगारेने, २०२२ मध्ये हे मोजूनच पाहिलं. अकरा नव्या गाड्या आणि तुलनेला २००५ ची जुनी व्होल्वो व्ही ७०. विमानतळाच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरने गाडी चालवत चालकांनी तीच ती चार कामं करायची : सीटचा हीटर, तापमान आणि काचेचा डिफ्रॉस्टर लावणं, रेडिओवर ठरावीक स्टेशन लावणं, ट्रिप मीटर शून्य करणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करणं. गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता. सतरा वर्षं जुन्या व्होल्वोत सगळं दहा सेकंदांत झालं, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे राहिलेल्या एमजीच्या मार्व्हल आरला ४४.९ सेकंद लागले. १,३७२ मीटर, म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त. मॉडेल ३ ला २३.५ सेकंद. स्वस्तातल्या डाचिया सँडेरोने साडेतेरा सेकंदांत काम उरकलं, कारण तिच्यात बटणं होती. स्क्रीन असलेल्या व्होल्वो सी ४० लाही जवळपास तेवढाच वेळ लागला, म्हणजे स्क्रीन असली की ती वाईटच, असंही नाही. तिच्यात काय ठेवलं आणि किती आत ठेवलं, यावर सगळं आहे.

आंबोली

एक अनुभव माझा. दोन वर्षांपूर्वी जुलैत आंबोलीला निघालो होतो. गाडी भाच्याची, नवी कोरी, तोच चालवत होता. घाटात धुकं होतंच, वर आम्ही चौघे ओले कपडे घालून बसलेलो, काच आतून धुरकट व्हायला लागली. भाचा म्हणाला, "मामा, तो समोरच्या काचेचा ब्लोअर लावा की." खालच्या पट्टीवर सगळी चिन्हं सपाट काचेवर होती, हाताला सगळी सारखीच. मी एक दाबलं. ते निघालं आतलीच हवा फिरवायचं. दमट हवा आत कोंडली आणि काच आणखी पांढरी झाली. पुन्हा दाबलं, बोट ओलं होतं, काही झालंच नाही. तेवढ्यात भाच्याने स्वतः खाली पाहिलं. वळण होतं. मी ओरडलो, "तू पुढं बघ!"

पुढे एका कणसाच्या गाड्याजवळ थांबलो. फडक्याने काच पुसली आणि मग शांतपणे ते चिन्ह शोधलं. दहा सेकंदांत सापडलं, कारण गाडी उभी होती. मी शेजारी बसलो होतो, माझं सगळं लक्ष त्या पट्टीवर होतं, तरी दोनदा चुकलो. कार्ल्सरूहच्या त्या माणसाच्या हातात तर स्टेअरिंग होतं.

असं का करतात

शोरूममध्ये स्क्रीन भारी दिसते हे एक झालं. पण मूळ गणित पैशाचं आणि वेळेचं आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, जोडणीला हात लागतो, आणि डॅशबोर्डचा आकार गाडी बाजारात यायच्या कितीतरी आधी पक्का करावा लागतो. स्क्रीनवरचं बटण शेवटच्या आठवड्यातही हलवता येतं, विकलेल्या गाडीतही अपडेट पाठवून बदलता येतं. शिवाय अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. त्यासाठी पडदा द्यायचाच आहे, तर बाकीचं त्यातच टाकू, हा विचार सोपा होता. नियमही आड येत नव्हते. अमेरिकेच्या वायपरच्या नियमात निदान दोन वेग हवेत आणि त्यांतला एक मिनिटाला किमान ४५ फेऱ्यांचा हवा, असं आहे. तो वेग दांडीने बदलायचा की काचेवर बोट फिरवून, याबद्दल त्यात शब्द नाही.

दुसऱ्या एका चौकशीने काय विचारलं

ही गोष्ट गाडीची नाही, युद्धनौकेची आहे, पण या खटल्याशेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची जॉन एस. मॅकेन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा खलाशी गेले. नौकेचं सुकाणू आणि इंजिनांचा वेग टचस्क्रीनवरून चालत असे. ऐन गजबजलेल्या जलमार्गात ही कामं दोन जणांत वाटून देताना ताबा एका जागेवरून दुसरीकडे गेला, आणि सुकाणूच हातचं गेलं असं खलाशाला वाटलं. मग नौकेच्या दोन प्रोपेलरपैकी एकाचाच वेग कमी झाला आणि नौका वळत गेली.

चूक माणसांचीही होती, प्रशिक्षण अपुरं होतं, हे चौकशीत आलं. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तेवढ्यावर फाइल बंद केली नाही. अशा चुका होण्याची शक्यता टचस्क्रीनच्या रचनेमुळेच वाढली, असं त्यांनी अहवालात लिहिलं. २०१९ मध्ये नौदलाने या जातीच्या विनाशिकांवर वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायच्या दांड्या बसवायचं जाहीर केलं. ताफ्यातल्या लोकांना विचारलं तेव्हा त्यांनीही दांड्याच मागितल्या होत्या.

मंडळाचं काम कारण शोधायचं, न्यायालयाचं काम दोष ठरवायचं, हा फरक मला कळतो. पण रस्त्यावर दर अपघातामागे असं कारण शोधणारं मंडळ नसतं. दंडाची पावती असते. त्यामुळे नौकेवरची दांडी दोन वर्षांत परत यायचं ठरलं आणि गाडीतल्या दांडीची वाट अजून बघावी लागतेय.

नंतर काय बदललं

टेस्लाने पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय दिली की वायपरचं बटण दाबून स्टेअरिंगवरच्या डाव्या चाकाने वेग बदलता येतो. माझ्या मते ही सुधारणा मोलाची आहे, कारण बोटाला धरायला काहीतरी मिळालं. पण त्याच कंपनीने २०२३ च्या नव्या मॉडेल ३ मधून इंडिकेटरची दांडीही काढून टाकली, आणि मग काही देशांत ती परत द्यायला सुरुवात केली.

फोक्सवॅगनने आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये आवाज आणि तापमानासाठी बोट सरकवायच्या सपाट पट्ट्या दिल्या होत्या. रात्री त्यांना उजेडही नव्हता. कंपनीचे प्रमुख थॉमस शेफर यांनी अशा स्पर्शाच्या बटणांनी आपलं मोठं नुकसान केलं हे उघडपणे मान्य केलं. २०२५ मध्ये डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी सांगितलं की आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि हझार्ड लाइट यांना यापुढे खरी बटणं असतील.

सगळ्यांत मोठा फरक पडेल तो युरो एनकॅपमुळे, म्हणजे नव्या गाड्या तपासून त्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरोपातल्या संस्थेमुळे. २०२६ पासून इंडिकेटर, हझार्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल या पाच गोष्टींना हाताने चालणारं वेगळं साधन नसेल तर गाडीचे गुण कापले जातात. हा कायदा नव्हे. पण पाच तारे नसलेली गाडी युरोपात विकणं अवघड, म्हणून कंपन्या ऐकतात. त्या यादीत वायपर आहे हे वाचलं तेव्हा मला कार्ल्सरूहचा तो चालकच आठवला.

आपल्याकडे भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्यानेही ही पाच साधनं मोजावीत, असं मला मनापासून वाटतं, आणि आपल्या यादीत समोरच्या काचेचा डिफॉगर सहावा हवा. जर्मनीत तो थंडीत लागतो, कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने रोज लागतो. टेस्लाचं पहिलं दालन मुंबईत बीकेसीला उघडलं ते १५ जुलै २०२५ ला, ऐन पावसाळ्यात. पण एकट्या टेस्लाचा हा प्रश्न राहिलेला नाही. दहा-बारा लाखांच्या गाड्यांतही एसीचे गोल नॉब जाऊन सपाट पट्ट्या आल्या आहेत.

या जूनपासून क्लासमध्ये एक गोष्ट वाढवली आहे. विद्यार्थी शिकून बाहेर पडताना स्वतःची गाडी घेऊन येतो आणि डोळे मिटायची परीक्षा त्या गाडीत पुन्हा होते. हॉर्न, इंडिकेटर, वायपर, हझार्ड, डिफॉगर, ब्लोअरचा वेग. परवा एक मुलगी वडिलांची नवी गाडी घेऊन आली. सहापैकी चार सापडली. डिफॉगर आणि ब्लोअर स्क्रीनवर होते. ते दोन मी तिला कागदावर लिहून दिले, निघण्याआधी लावायचे म्हणून, आणि खाली लिहिलं : वाटेत लागलेच तर गाडी बाजूला घेऊन.